धावपट्टी वाढवण्याआधी लिटरचा हिशेब मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कराडच्या धावपट्टीचे विस्तारीकरण आणि सांगलीजवळच्या कवलापूरचा विमानतळ हे विषय अधूनमधून वर येतात आणि पुन्हा खाली बसतात. एक बाजू म्हणते उद्योग येतील, दुसरी म्हणते बागायती जमीन जाईल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण अशा छोट्या धावपट्ट्यांवर मुख्यतः उतरणार ती कंपन्यांची आणि नेत्यांची खासगी किंवा भाड्याची विमाने. ती किती इंधन जाळतात, हा प्रश्न या वादात कुणी काढताना दिसत नाही.

आधी साधे गणित. एक किलो विमान इंधन, म्हणजे एटीएफ, जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरमागे अडीच किलो धरा. मध्यम आकाराचे बिझनेस जेट ताशी हजार लिटरच्या आसपास पिते. किंग एअर बी २०० सारखे दोन इंजिनांचे टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनवर फिरणाऱ्या पंख्याचे विमान, चारशेच्या आत भागवते, एका इंजिनाचे पीसी-१२ अडीचशेच्या आत. मुंबई ते कराड हवाई अंतर जेमतेम २४० किलोमीटर. जेटचे इंजिन पातळ हवेत, चाळीस हजार फुटांच्या आसपास काटकसरीने चालते. इतक्या कमी अंतरात ते त्या उंचीवर पोहोचतच नाही. चढून होते न होते तोच उतरायची वेळ येते. टर्बोप्रॉपच्या तुलनेत वाचतात दहा-पंधरा मिनिटे, इंधन लागते दुपटीहून अधिक.

कोयना प्रकल्पाच्या काळात बांधलेली कराडची धावपट्टी सुमारे १,२८० मीटर आहे. व्यावसायिक उड्डाणात जेटला उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत आणि टर्बोप्रॉपला ७० टक्क्यांत थांबता आले पाहिजे, असा जगभरचा प्रघात आहे. म्हणजे जेटच्या वाट्याला येतात ७६८ मीटर, टर्बोप्रॉपच्या वाट्याला ८९६. त्यात समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंची आणि एप्रिल-मेचा उन्हाळा. हवा विरळ झाली की उड्डाणाला आणखी लांबी लागते. म्हणून बहुतेक जेट इथे बसत नाहीत आणि टर्बोप्रॉप आरामात बसतात. आमच्या मते ही धावपट्टीची उणीव मानायचे कारण नाही. निव्वळ जेटसाठी धावपट्टी लांबवणे म्हणजे जास्त पिणाऱ्या विमानाला जमीन देऊन बोलावणे.

खरी गळती मात्र रिकाम्या फेऱ्यांची आहे आणि ती बाहेरच्याला दिसत नाही. साहेब सोमवारी कारखान्यावर आले आणि बुधवारी परतणार असतील, तर विमान दोन दिवस इथे थांबेलच असे नाही. हँगर नाही, रात्रीचा पहारा नाही, इंधनाची सोय नाही, किंवा मधल्या दिवसाचे दुसरे भाडे मिळते. मग ते मोकळेच मुंबईला जाते आणि बुधवारी मोकळेच येते. दोनाच्या चार फेऱ्या होतात. किंग एअरला एका फेरीला ३०० लिटर धरले, तर १,२०० लिटर, म्हणजे तीन टन कार्बन डायऑक्साइड. त्यातला निम्मा एकही प्रवासी नसताना. डिझेल गाडीने मुंबईला जाऊन यायला चाळीस लिटर लागतात, धूर शंभर-सव्वाशे किलो. तेव्हा दोन सुरक्षित हँगर, इंधनाची छोटी सोय आणि रखवालदार यांवर केलेला खर्च पर्यावरणाच्या दृष्टीने पाचशे मीटर डांबरापेक्षा कितीतरी मोलाचा ठरेल. जिथे इंधन मिळत नाही तिथे परतीचे इंधन येतानाच वाहून आणावे लागते. जादा वजन वाहण्यात दर तासाला त्या जादा इंधनाचा तीन-चार टक्के भाग जळतो, तो वेगळाच.

दुसरी सोय ग्राउंड पॉवर युनिटची, म्हणजे उभ्या विमानाला जमिनीवरून वीज देणाऱ्या यंत्राची. विमान उभे असताना केबिन गार ठेवायला आणि इंजिन सुरू करायला २८ व्होल्ट डीसी वीज लागते. बहुतेक मध्यम व मोठ्या जेटमध्ये त्यासाठी शेपटीजवळ एपीयू नावाचे छोटे टर्बाइन असते आणि ते एटीएफवरच चालते. किंग एअरला तेही नाही, तिची भिस्त बॅटरीवर. बॅटरी उतरलेली असली की टर्बाइन पुरेशा वेगाने फिरत नाही, हवा कमी पडते, आणि त्यात इंधन सोडले की आतले तापमान मर्यादेबाहेर जाते. याला हॉट स्टार्ट म्हणतात आणि त्याची दुरुस्ती लाखांच्या घरात जाते. म्हणून जिथे जमिनीवरची वीज नसते तिथे थोडाच वेळ थांबायचे असेल तर वैमानिक एक इंजिन चालू ठेवणे पसंत करतो. सत्कार लांबतो, हार-तुरे होतात, इकडे पंखा फिरत राहतो. महावितरणच्या जोडणीवर चालणारी रेक्टिफायरची (एसी विजेची डीसी करणाऱ्या यंत्राची) एक ढकलगाडी हे सगळे थांबवते.

आता उसापासूनच्या इंधनाकडे येऊ, कारण आपल्या भागात त्याची फार चर्चा आहे. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज कंपनीने तयार केलेले शाश्वत विमान इंधन मिसळले होते. केंद्राने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ टक्के आणि २०३० ला ५ टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले आहे. उसापासूनच्या इथेनॉलच्या रेणूतून पाणी काढून इथिलीन करायचे, त्याचे रेणू जोडून लांब साखळ्या करायच्या, मग हायड्रोजन द्यायचा, अशी ही रीत आहे. एक लिटर इंधनाला साधारण १.७ लिटर इथेनॉल लागते. मिश्रणाची मर्यादा ५० टक्के, कारण या इंधनात ॲरोमॅटिक, म्हणजे खनिज इंधनात असणारी बेंझिनसारखी संयुगे, नसतात; त्यांच्याशिवाय जुन्या इंजिनांतले रबरी सील आकसतात आणि गळती होते. म्हणजे हजार लिटरला ५०० लिटर जैवइंधन, त्याला ८५० लिटर इथेनॉल, आणि टनाला ७० लिटर धरले तर बारा टन ऊस. गुंठ्याला टन हा आपला चांगल्या शेतकऱ्याचा उतारा. दीड वर्ष उभा राहिलेला बारा गुंठे आडसाली जेटच्या एका तासात संपला. त्याच्या पाण्याचा हिशेब वाचकांनीच करावा. पेट्रोलमध्ये मिसळायलाही हेच इथेनॉल लागते. या इंधनाला आमचा विरोध नाही, पण ते आले की सगळे स्वच्छ झाले असे कुणी भासवू नये.

झाडांचे तेच. वाढलेले झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड घेते असे धरले, तरी जेटच्या एका तासाला सव्वाशे झाडांचे वर्ष लागते. रोप लावल्या दिवशी ते जवळजवळ काहीच घेत नाही. माण-खटाव किंवा जत-आटपाडीत पहिले तीन उन्हाळे टँकर घातल्याशिवाय ते जगतही नाही. फोटो मात्र पहिल्याच दिवशी छापून येतो.

या व्यवसायाच्या जागतिक संघटनांनी २०२१ मध्ये २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले आहे. वचन चांगले आहे, पण ते मोजणार कोण? कोर्सिया ही विमानांचे कार्बन उत्सर्जन मोजून भरपाई करायला लावणारी आंतरराष्ट्रीय योजना देशांतर्गत उड्डाणांना लागू नाही. तिच्यात ५,७०० किलोंपेक्षा जड विमाने आणि वर्षाला १०,००० टनांवर उत्सर्जन करणारे चालकच येतात. किंग एअर बी २०० चे कमाल वजन आहे ५,६७० किलो! शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता यांच्या अहवालात मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना उत्सर्जन दाखवावे लागते, पण भाड्याच्या विमानाचा धूर स्कोप ३ मध्ये (कंपनीच्या थेट ताब्याबाहेरच्या उत्सर्जनात) जातो आणि तो रकाना त्या अहवालात ऐच्छिक आहे. कंपनीचे विमान भाड्याने घेतलेले दाखवले, की धूर कागदावरून नाहीसा.

आमची मागणी म्हणून छोटी आहे. प्रत्येक फेरीचे इंधन विमानाच्या नोंदवहीत वैमानिक आजही लिहितोच, नवी यंत्रणा उभारायला नको. धावपट्टी वापरण्याच्या परवानगीतच अट घालावी: तारीख, विमानाचा प्रकार, जळालेले इंधन, प्रवासी संख्या, फेरी रिकामी असल्यास कारण, आणि जमिनीवर इंजिन किती मिनिटे चालू होते. ही माहिती महिन्याने जाहीर व्हावी. प्रवाशांची नावे नकोत, म्हणजे सुरक्षेची सबबही उरत नाही. रिकाम्या फेरीला उतरण्याचे शुल्क दुप्पट करावे.

शेवटचा मुद्दा प्रशिक्षणाच्या विमानांचा. पिस्टन इंजिनाच्या विमानांत वापरले जाणारे एव्हीगॅस १०० एलएल हे आजही शिसेयुक्त असते, लिटरला कमाल ०.५६ ग्रॅम. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे जाऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला. वारुंजी परिसरात घरे आणि ऊस धावपट्टीला लागूनच आहेत. तिथली माती आणि विहिरींचे पाणी शिशासाठी तपासून घेण्याचे कलम विस्तारीकरणाच्या पर्यावरण अहवालात असावे, आणि तो अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावा.

आपला,
विमान देखभाल क्षेत्रातील एक वाचक, कराड