काळ्या रंगाखालचे खरे घर

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी घरांवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत. पण काळ्या तुळया आणि पांढऱ्या भिंती हेच या घरांचे ‘मूळ रूप’, असे जे म्हटले आहे ते पटले नाही. पुष्कळ ठिकाणी हा काळा रंग व्हिक्टोरियन काळात चढला. ओकचे लाकूड तसेच ठेवले तर उन्हापावसाने रुपेरी करडे होते.

त्याहून खटकले ते हे, की सांगाड्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. खरी करामत तिथेच आहे! ससेक्समधल्या सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात ‘बे-लीफ’ हे १५ व्या शतकातले शेतघर मी पाहिले आहे. मधले दालन थेट छपरापर्यंत मोकळे. धुराडे नाही, विस्तव जमिनीवर आणि धूर छपरातून वाट काढणार. खिडक्यांना काच नाही, नुसते लाकडी गज आणि झडपा.

सुतार ओलेच ओक वापरत. एका तुळईचे टोक कोरून दुसरीच्या खाचेत बसवायचे आणि आरपार ओकची खुंटी ठोकायची. दोन्हींतली भोके मुद्दाम किंचित सरकवून पाडायची, म्हणजे खुंटी आत जाता जाता सांधा आवळत नेते. सांगाडा आधी आवारात जुळवत, मग सोडवून जागेवर उभा करत. म्हणून तुळयांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरलेल्या असतात. भिंती कुडाच्या, वर माती, शेण आणि पेंढा. कोकणातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

या सांध्यांमुळेच बे-लीफ वाचले. ते मूळचे केंटमधल्या चिडिंगस्टनचे. बाउ बीच जलाशयात जागा जाणार म्हणून १९६८-६९ मध्ये ते एकेक तुळई सोडवून उतरवले आणि सिंगलटनला पुन्हा उभारले. नंतरचे फेरफार वगळून ते आज सुमारे १५४० सालच्या रूपात दाखवले जाते. पुढच्या रहिवाशांच्या खुणा त्यात गेल्या, ही हळहळ रास्तच. तरी मला निर्णय योग्य वाटतो, कारण अशा बहुतेक घरांत पुढे धुराडी आणि मजले घातले गेले आणि मोकळे दालन झाकले गेले.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर दर्शनी छायाचित्रांसोबत सांगाड्याचे एखादे रेखाचित्रही जरूर छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक