दत्त्यास, भाकरीच्या पिठावरून

पुणे, ९ जानेवारी

प्रिय दत्त्या,

दिवाळीपासून तुला ना फोन, ना पत्र. शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. तब्येत ठीक, गुडघा अधूनमधून बोलतो.

अडकलोय रे. पुढच्या शनिवारी हरिश्चंद्रगड. मनू, तिच्या तीन मैत्रिणी आणि मी, रात्री मुक्काम. पोर लहान असल्यापासून तिला मी काय सांगत आलोय ते तुला माहितीये: "गडावर बाबाच्या हातची गरम भाकरी असायची." तिने ते चौघींत सांगून ठेवलंय. भाकरी कोण थापायचं हे तुला ठाऊक, मला ठाऊक, आणि वर गेलेल्या नान्याला. मी स्टोव्हला पिन मारायचो.

म्हणून आठ दिवस ओट्याशी उभा आहे. आधी दुकानातलं ज्वारीच्या पिठाचं पाकीट आणलं. थापायला घेतलं तर कडेला नकाशे. उचलली तर अर्धी परातीत, अर्धी हातात. हिने चिमूटभर पीठ बोटांत चोळलं आणि म्हणाली, "विरी गेलंय." म्हणजे जुनं होऊन चिकटपणा गेलेला. दुसऱ्या दिवशी गिरणीतून ताजं दळून आणलं, उकळत्या पाण्यात कालवून झाकून ठेवलं, मग तळहाताने रगड रगड रगडलं. एक भाकरी फुगली. एकच. गव्हाचा चिवटपणा ज्वारीत नाही. जे काही धरून ठेवायचं ते ताज्या पिठाने, कढत पाण्याने आणि मळणाऱ्याच्या मनगटाने. हे तू रतनगडावर सांगितलंही असशील. मी तेव्हा तुझ्याशी बोलत नव्हतो. हो, त्या मैद्यावरूनच. पांढरंशुभ्र पीठ म्हणजे उत्तम पीठ, अशी माझी समजूत, आणि तू सगळ्यांदेखत विचारलंस, "जेवण करायचंय की पोस्टरं चिकटवायचीत?" खळच झाली होती ती, आज कबूल.

थंडी आहे तर बाजरी न्यावी म्हटलं. घरात आधीचं थोडं पीठ होतं ते चाखलं, कडू जहर. बाजरीत तेल, ते खवटतं. म्हणजे तीही ताजीच हवी.

खरं शहाणपण कणकेत आहे. गार पाण्यात मळा, तळहातावर दाबा, तव्यावर टाका. मोडायचं नाव नाही. जाडसर दळून, ओवा-मीठ आणि तेलाचं मोहन घालून पानगे करायचे माझ्या मनात होते. पण पानग्यांना निखारे लागतात आणि तो सगळा भाग अभयारण्याचा, शेकोटी पेटवायची नाही. आपल्या वेळी आपण काय काय जाळलं ते आठवून लाज वाटते. आता गॅसचा छोटा बर्नर. वर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, पण उकडीला तेवढं पुरे. भीती कोकणकड्याच्या वाऱ्याची.

शेवटी काल ज्वारीत मूठभर कणीक मिसळली. तुटली नाही, उलटतानाही नाही. तू याला भेसळ म्हणणार. तुमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तुझ्यापुढे ज्वारीबद्दल बोलायची सोय राहिलेली नाही.

पायथ्याच्या पाचनईत पिठलं-भाकरी विकत मिळते. तीच गुपचूप डब्यात घालून वर न्यावी, इथवर माझी मजल गेली होती. पण मनू चेहऱ्यावरून ओळखते, आजीवर गेलीय.

वहिनींचा मोतीबिंदू काढला असं कळलं, आता बरं दिसत असेल. राहुलला नोकरीबद्दल आशीर्वाद सांग. घराचं काम संपलं का?

तर मुद्द्याचं. किलोभर ज्वारीला कणीक किती मुठी? आणि तव्यावर पाण्याचा हात फिरवला की उलटायची कधी, पाणी सुकायच्या आधी की सुकल्यावर? माझी दर वेळी तिथेच तडकते. गुरुवारी दळण टाकतोय, त्याआधी फोन कर. सात ते नऊच्या मध्ये कर, मनू क्लासला असते.

तुझा,
बंड्या