पाळी लावण्याआधी झोप विचारा

महोदय,
पाळीत काम करणाऱ्याला ‘रोज किती वाजता झोपता?’ असे विचारणे व्यर्थ आहे. त्याचा ‘रोज’ पाळीबरोबर बदलतो. म्हणून म्युनिक क्रोनोटाइप प्रश्नावलीच्या (क्रोनोटाइप म्हणजे माणसाचा लवकर वा उशिरा झोपण्याचा नैसर्गिक कल) पाळी-कामगारांसाठीच्या आवृत्तीत सकाळ, दुपार, रात्र या प्रत्येक पाळीतील कामाच्या आणि सुटीच्या दिवसांची झोप वेगवेगळी विचारतात. दुपारपाळीनंतरच्या सुटीतली झोप सर्वांत कमी बिघडलेली, म्हणून हा कल ठरवताना तिचा मध्य धरतात : रात्री १२ ते सकाळी ८ झोपल्यास पहाटे ४. त्यातून, कामाच्या दिवसांत राहिलेली झोप भरून काढताना घेतलेल्या जादा झोपेचा परिणाम वगळावा लागतो. मनगटी यंत्र हालचाल टिपते आणि त्यावरून झोपेचा अंदाज येतो; पण ती झोप कोणत्या पाळीनंतरची, हे झोपेची नोंदवहीच सांगते. हजेरीची नोंद मात्र मिनिटागणिक ठेवली जाते! उशिरा झोपणाऱ्याला सलग सकाळपाळ्या लावण्यापूर्वी व्यवस्थापनाने निदान एवढे विचारावे.
– एक वाचक