सुरुंगशोधक जहाजे कधी येणार?

महोदय,

सामुद्रधुनीतील युद्ध म्हटले की चर्चा विमानवाहू नौका आणि क्षेपणास्त्रांभोवतीच फिरते. पण पहिल्या महायुद्धात, १८ मार्च १९१५ रोजी, तुर्कस्तानातील दार्दानेल्स सामुद्रधुनीत ब्रिटन-फ्रान्सचे संयुक्त आरमार अडले ते पाण्याखालच्या सुरुंगांपुढे. ‘नुसरत’ या छोट्या तुर्की जहाजाने दहा दिवस आधी किनाऱ्याला समांतर २६ सुरुंग पेरले होते. ‘बुव्हे’, ‘इरेझिस्टिबल’ आणि ‘ओशन’ या तीन युद्धनौका बुडाल्या. एकट्या ‘बुव्हे’वरचे सहाशेहून अधिक खलाशी काही मिनिटांत गेले. आणि सुरुंग काढायला या दोस्त राष्ट्रांनी धाडले होते कुणाला? मासेमारीच्या ट्रॉलरवरच्या नागरी खलाशांना! तोफांचा मारा सुरू होताच ते मागे फिरले, यात त्यांचा काय दोष?

हे आज लिहिण्याचे कारण म्हणजे २०१९ मध्ये ‘आयएनएस कोझिकोड’ निवृत्त झाली आणि आपल्या नौदलाकडे खास सुरुंगशोधक असे एकही जहाज उरले नाही. २०२५ मध्ये नव्या जहाजांना प्राथमिक मंजुरी मिळाली, पण ती पाण्यात उतरायला वर्षे लागतील. न्हावा-शेव्याच्या वाटेवर दोन-चार सुरुंग असल्याची नुसती शंका आली तरी मालवाहू जहाजे बाहेरच थांबतील. तेव्हा आपण मित्रदेशांची वाट पाहत बसायचे का? संरक्षण मंत्रालयाने या जहाजांचे वेळापत्रक जाहीर करावे.

– एक वाचक, उरण