शिबिराआधी मळ्यात काय करून ठेवायचं

सांगली,
८ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत गाईडच्या २४ पोरी तीन रात्रींसाठी मळ्यात येणार, हे फोनवर ठरलंच आहे. पण फोनवर तुम्ही दोघं "होय होय" म्हणता आणि मग आपल्या मनासारखंच करता, म्हणून लिहून पाठवते. पत्र वाचून देवळीत ठेवू नका, दाराला चिकटवा.

सगळ्यात आधी विहीर. कठडा एका अंगानं ढासळलाय. काठापासून दहा फुटांवर चारी बाजूंनी बांबू रोवून कमरेच्या उंचीला दोरी बांधा आणि तिला हातहात अंतरावर पांढऱ्या चिंध्या लावा, म्हणजे रात्री टॉर्चच्या उजेडात दिसतील. दुसरं, मोटारीचा ऑटो. रात्रीची लाईट आली की मोटर आपोआप सुरू होणार, पाणी दंडानं रानात आणि दंड फुटला तर थेट तंबूखाली. ते तीन दिवस ऑटो काढून ठेवा, पेटीला कुलूप, किल्ली बाबांच्या खिशात.

बाबा, तंबू आंब्याखाली लावा असं तुम्ही म्हणणार. तिथं नको. वाळकी फांदी वाऱ्याशिवायही तुटते आणि पानांवरचं दव उन्हं येईपर्यंत कापडावर टपटपत राहतं. काळ्या रानातही नको, तिथं खुंटी धरत नाही. जुन्या खळ्याची मुरमाड जागा बरी. जरा उताराची आहे, म्हणजे अवकाळी आलाच तर पाणी थांबणार नाही. खुंट्या डोकं तंबूपासून बाहेर झुकवून तिरक्या ठोकायच्या, ते पोरी करतील. सुती दोऱ्या दवानं भिजल्या की आखडतात आणि पहाटे खुंट्या उपसतात, म्हणून झोपताना थोड्या सैल सोडायच्या. नायलॉनचं उलटं, ती भिजली की ढिली पडते. आत अंथरायला कडबा किंवा गवत देऊ नका. ऊब येते खरी, पण त्यात विंचू बसतो आणि उंदरामागं साप येतो. खाली ताडपत्री, वर सतरंजी, त्यावर घोंगडी. डिसेंबरात थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त लागते.

शेजारच्या द्राक्षबागेत औषध फवारायचा ब्लोअर कधी चालणार ते आधी विचारून ठेवा. आभाळ आलं की दावण्याच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या) भीतीनं कुणी वेळ पाळत नाही, हे मला माहीत आहे. निदान एक हाक मारायला सांगा, म्हणजे भांडी झाकून पोरींना वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेता येईल.

घरातला एक संडास २४ जणींना पुरणार नाही. विहिरीपासून निदान शंभर फूट लांब आणि तिच्यापेक्षा खालच्या अंगाला तीन चर खणून घ्या. एक फूट रुंद, दोन फूट खोल, चार फूट लांब. निघालेली माती शेजारीच ढीग करून ठेवायची, वर एक डबडं. प्रत्येकीनं दोन डबडी माती टाकायची. माती कमी पडली की माश्या होतात, आणि माश्या तिथून सरळ चुलीकडे. आडोशाला शेडनेट दुहेरी लावा. कंदील आत टांगायचा नाही. आत उजेड असला की बाहेरून सावली दिसते, आणि एकदा ते कळलं की पोरी रात्रभर दाबून धरतात. कंदील वाटेवर, आत जाताना टॉर्च खाली जमिनीवर.

आई, तिघी-चौघींची पाळी असणारच. त्यांच्यासाठी झाकणाचा डबा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आडोशात ठेव. पॅड चरात टाकायचे नाहीत, ते कुजत नाहीत. आणि चूल, पाणी, तुळस, कशालाही कुणाला "शिवू नको" म्हणायचं नाही. विचारायचंसुद्धा नाही. एवढं माझ्यासाठी कर.

स्वयंपाक तू करायचा नाहीस. सहा-सहा जणींचे चार संघ, प्रत्येकाची संघनायिका आणि प्रत्येकाची वेगळी चूल. चुलीला ओढ्यातले ओले दगड नकोत, तापले की फुटून उडतात. सरपण बाभळीचं, पेटवायला तुरकाट्या. बांधावर द्राक्षाच्या छाटणीच्या काड्यांचा ढीग असेल, तो मुळीच देऊ नका. वर्षभराची औषधं त्यांच्यावर बसलेली असतात. कण्हेरीची काटकीही चुलीत नको, ती विषारी. पहिल्या रात्री खिचडी. एका संघाला ६०० ग्रॅम तांदूळ, २५० ग्रॅम मूगडाळ, आणि दोन्ही मिळून एक माप तर पाणी साडेतीन माप. पातेल्याला बाहेरून मातीचा लेप दिला की काजळी मातीबरोबर निघून येते. चुकतं ते एकाच ठिकाणी: लवकर शिजावं म्हणून लाकडं कोंबत राहतात, मग खाली करपतं आणि वर कचकच. उकळी आली की लाकडं मागं ओढायची आणि निखाऱ्यावर सोडायचं. करपली तरी त्यांनाच खाऊ दे. मागच्या दारानं पिठलं-भाकरी पाठवू नकोस! भाजलं तर वीस मिनिटं साधं पाणी ओतायचं. हळद, टूथपेस्ट काही नाही.

पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला शंभर लिटर पाणी धरलंय, उकळून. वापरायला दोन टिपाडं भरून ठेवा.

बाबा, तंबूंकडे जाताना लांबूनच हाक मारा. गडीमाणसांनी तिकडे जायचंच नाही. रात्री आम्ही दोघी बाया जाग्या असू. गाडी रस्त्याकडे तोंड करून लावा, मागं काही उभं करू नका. साप चावलाच तर बांधाबांध, चिरणं किंवा मांत्रिक काही नाही. पोरीला हलू द्यायचं नाही, १०८ ला फोन, आणि गाडी लवकर येत नसेल तर आपल्या गाडीनं सापाच्या विषावरची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात.

तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं देवराष्ट्रे आणि तिथून सागरेश्वर अभयारण्य. चितळ, सांबर दिसतील. तिथं आग पेटवायची नाही, म्हणून शिदोरी कोरडी. चालताना सगळ्यात हळू चालणारी पोरगी पुढं ठेवते. तिला मागं ठेवलं की बाकीच्या थांबून विसावा घेतात, ती पोचली की लगेच उठतात, आणि तिला विसावा मिळतच नाही.

पहार, दोन खोरी, घमेलं आणि कुऱ्हाड बाहेर काढून ठेवा. कुऱ्हाडीचा दांडा हलतोय, पाचर मारून घ्या. कुत्र्याला गोठ्यामागं बांधा. आणि आई, लसणाची चटणी केलीसच तर एकच बरणी.

तुमची लेक