जुनी बेसबॉल कार्डं आणि त्यांची घडणावळ

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

"पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर चाळीस हजार डॉलर्स?" या आईच्या प्रश्नाला फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते. हे तुकडे म्हणजे जुनी बेसबॉल कार्डं, खेळाडूंची चित्रं छापलेली, लोक तिकिटांसारखी जमवतात ती. पैसे यासाठीच बाजूला ठेवलेले आहेत, कुठली ठेव मोडलेली नाही. प्रश्न आहे तो ते खर्च कसे करायचे याचा.

आई, तू सोनं घेताना आधी घडणावळ विचारतेस ना, इथेही तिथूनच सुरुवात करावी लागते. लिलावात बोली ज्या आकड्यावर थांबते त्यावर लिलावघर साधारण २० टक्के आणखी लावतं, आणि त्या बेरजेवर न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के. १०,००० ला कार्ड सुटलं तर बिल १२,७९५. म्हणजे हातात ४०,००० असले तरी बोलीसाठी खरे ३१,०००च. हे वरचे पैसे विकताना परत मिळत नाहीत. शिवाय वर्षानंतर विकून नफा झाला तरी अशा संग्राह्य वस्तूंवर केंद्राचा कर २८ टक्क्यांपर्यंत जातो. शेअर्सना ती मर्यादा २० आहे. त्यामुळे दोन-तीन वर्षांत विकायचं असेल तर या वाटेला जाऊच नये.

आता काय घ्यायचं नाही ते. होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचं १९०९-११ चं सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलर्सला गेलं, तो विषयच संपला. मोह पडतो तो मिकी मँटल या खेळाडूच्या, टॉप्स कंपनीने १९५२ मध्ये काढलेल्या कार्डाचा, क्रमांक ३११. त्या वर्षीच्या कार्डांची शेवटची मालिका खपली नाही आणि उरलेला माल पुढे समुद्रात बुडवला, हे खरं; पण छपाईच्या तावावर मँटल दोनदा होता, म्हणजे त्याच मालिकेतल्या बऱ्याच शेजाऱ्यांपेक्षा तो दुर्मीळ नाही. ते त्याचं पहिलं कार्डही नव्हे, पहिलं १९५१ चं, बोमन कंपनीचं. किंमत आहे ती नावाची. आपल्या रकमेत बसलंच तर खालच्या ग्रेडचं (ग्रेड म्हणजे कार्डाच्या स्थितीला दिलेला १ ते १० मधला आकडा), आणि निम्म्याहून जास्त पैसे त्या एकाच कार्डात अडकतील. म्हणून मँटल नाही.

३१,००० पैकी साधारण २०,००० तीन कार्डांवर, ग्रेड २ ते ३ मध्ये. पहिलं बेब रूथ, १९३३ चं, गौडी कंपनीचं. क्रिकेटमध्ये ब्रॅडमन तसा बेसबॉलमध्ये रूथ. त्या संचात त्याची चार कार्डं आहेत : ५३, १४४, १४९, १८१. सगळ्यांना पिवळ्या पार्श्वभूमीचं ५३ हवं असतं. मी १४४ घेणार. तेही तावावर दोनदा छापलेलं, त्यामुळे बाजारात जास्त येतं, आणि वाट पाहिली तर चारही बाजूंना समास सारखा असलेलं मिळू शकतं. मँटलच्या बाबतीत जो दोष म्हटला तोच इथे उपयोगी, कारण इथे किंमत त्या मानाने आवाक्यात आहे. दुसरं जॅकी रॉबिन्सन, लीफ कंपनीचं ७९ क्रमांकाचं. त्याला १९४८ चं म्हणतात, विक्रीला आलं १९४९ मध्ये. याची छपाईच गचाळ : रंगांचे थर एकमेकांवर बसलेले नसतात, चेहऱ्याची रेघ एकीकडे आणि रंग दुसरीकडे. त्यामुळे इथे ग्रेडच्या आकड्यापेक्षा चेहरा स्वच्छ आहे का ते पाहायचं. तिसरं विली मेज, १९५१ बोमन, क्रमांक ३०५.

सात हजार हँक आरन (१९५४), क्लेमेंटे आणि कूफॅक्स (दोघंही १९५५) यांच्या टॉप्स कार्डांना, ग्रेड ४-५. उरलेले चार हजार हातात. चांगली वस्तू नेमकी पैसे संपल्यावर समोर येते.

बाबा, ग्रेडचं गणित तुम्हाला लगेच कळेल. टपाल तिकिटाच्या मागे हिंजचा, म्हणजे अल्बममध्ये चिकटवायच्या कागदी पट्टीचा, डाग असला की भाव पडतो, पण अल्बममध्ये समोरून काहीच दिसत नाही. इथेही तसंच. वहीत चिकटवलेलं कार्ड सोडवताना मागचा कागद निघतो आणि समोरून ४ सारखं दिसणारं कार्ड १ ठरतं. अशी कार्डं स्वस्तात मिळतात आणि मला ती चालतात. चालत नाही ती चेहऱ्यावरून गेलेली घडी. फोटोत ती सहज लपते, म्हणून विकणाऱ्याकडून कार्ड दिव्याखाली तिरकं फिरवल्याचा व्हिडिओ मागायचा. प्रकाश सरकताना एका जागी अडखळला की तिथे घडी.

हजार डॉलर्सच्या वरचं काहीही सुटं घ्यायचं नाही. पीएसए किंवा एसजीसी या ग्रेड देणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलंच. डब्याही नकली निघतात, म्हणून डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकायचा, तिथे फोटो असेल तर छपाईतला एखादा ठिपका, समासाचा तिरकेपणा जुळवून पाहायचा. सुट्या कार्डात मोठी लबाडी म्हणजे झिजलेली कड कापून सरळ करणं. चारही कोपरे गोल झालेत आणि एकच कड ब्लेडसारखी, असं दिसलं की परत द्यायचं. पुनर्मुद्रणं ओळखणं त्या मानाने सोपं. टॉप्सनेच १९८३ मध्ये १९५२ चा संच पुन्हा छापला, पण मूळ कार्ड २ ५/८ बाय ३ ३/४ इंच आणि नवं अडीच बाय साडेतीन. भिंगाखाली मूळ कार्डातली काळी अक्षरं सलग शाईची दिसतात, नकलेत ठिपक्यांत फुटतात. युद्धानंतरच्या कागदात उजळपणासाठी रसायन घालू लागले. ते अतिनील दिव्याखाली निळं चमकतं. १९३३ चं म्हणून विकलेलं कार्ड चमकलं तर पुढे बोलायचंच नाही.

भाव ठरवताना त्याच कार्डाच्या त्याच ग्रेडमधल्या शेवटच्या पाच-सहा विक्री काढायच्या आणि सगळ्यात वरची सोडून द्यायची. २०२१ चे आकडे तर धरायचेच नाहीत. तेव्हा भाव चढले आणि मग बऱ्याच कार्डांचे उतरले. विकणारे अजून तेच दाखवतात. बोलीचा शेवटचा आकडा आदल्या दिवशी कागदावर लिहायचा, २० टक्के आणि कर धरून.

ठेवायची व्यवस्था सोपी आहे : उन्हापासून लांब, हवेतला दमटपणा ४०-५० टक्के, पीव्हीसीचे पाउच नाहीत, रबरबँड तर मुळीच नाही. घराच्या साध्या विम्यात अशा वस्तूंना तुटपुंजी मर्यादा असते, म्हणून वेगळी पॉलिसी, आणि प्रत्येक डबीच्या नंबराची यादी फोटोंसह. यादीची एक प्रत तुमच्याकडे पाठवीन. बाबा, ती कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये ठेवा.

तुमचं तिकिटांचं दहापट भिंग अजून असेल तर इकडे येणाऱ्या कुणाबरोबर द्या. इथली मिळतात ती प्लास्टिकची, कडेला सगळं वाकडं दिसतं. मऊ कापडात गुंडाळा, काचेला ओरखडा नको.

तुमची,
मनू