लिटर तोच, पल्ला कमी. मग भाव तोच का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे ऊस-धान्यापासून बनणारे अल्कोहोल, मिसळलेले असते; त्याबद्दल हे पत्र. माझी पेट्रोल गाडी २०१३ची. टाकी गच्च भरायची आणि किलोमीटर वहीत टिपायचे, ही बँकेतली सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. घोडबंदर रोडच्या कोंडीतला हिशेब मी धरत नाही, तिथे कुठल्याच इंधनाची परीक्षा होत नाही. ठाणे-कराड मात्र धरतो. पूर्वी या रस्त्याला लिटरमागे साडेसतरा मिळायचे, आता सव्वासोळाच्या आसपास. जाऊन-येऊन सहाशे किलोमीटरला अडीच लिटर जादा.

गाडीचे वय झाले, हे मान्य. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात पल्ला घटणारच. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली होती आणि ग्राहकाला त्याची भरपाई म्हणून करसवलतीचा विचार करावा, असेही सुचवले होते. वीस टक्के मिश्रण आले. सवलत कुठे आहे?

वागळे इस्टेटमधल्या आमच्या मेकॅनिकने गेल्या पावसाळ्यात इंधनाची रबरी नळी काढून हातात दिली. नखाने दाबली तर पावासारखी दबली. ‘काका, वयानंही होतं हे, पण अशा नळ्या हल्ली जास्त येतात,’ म्हणाला. इथेनॉल पाणी ओढते, त्यामुळे गाडी तीन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, हाही त्याचाच सल्ला. एप्रिल २०२३नंतरच्या गाड्यांचे भाग या इंधनाला टिकतील असे बनवलेले असतात. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये निम्म्याहून जास्त गाड्या त्याआधीच्या.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. विरोधात गेलो तर कराडचा मेव्हणा जेवायला वाढणार नाही! साखरेचा भाव पडला तरी इथेनॉलचे पैसे कारखान्याला लवकर मिळतात आणि उसाचे बिल अडकत नाही, हे तो अनुभवाने सांगतो. खनिज तेलाची आयातही तेवढी वाचते. पण ऊस पाण्यावर येतो. पाऊस कमी झाला तेव्हा, डिसेंबर २०२३मध्ये, सरकारनेच उसाच्या रसापासून इथेनॉल करायला आधी मनाई केली, मग थोडी मोकळीक दिली. त्या वर्षी मेव्हण्याचा सूर जरा खाली होता.

ब्राझीलचे उदाहरण आपल्याकडे ऊठसूट देतात. तिथल्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असतेच, पण पंपावर नुसते इथेनॉलही वेगळे मिळते. त्याचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तरच ते परवडते, हा हिशेब तिथल्या गाडीवाल्यांना पाठ असतो. आमच्या नाक्यावरच्या पंपावर मिश्रण किती, असे विचारले तर पोरगा म्हणाला, ‘सगळीकडे तेच आहे, किती टाकू?’

मिश्रणाचे प्रमाण प्रत्येक नोझलवर ठळक मराठीत लिहावे आणि जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचे पेट्रोल निदान काही पंपांवर ठेवावे. तेही जमत नसेल, तर घटलेल्या पल्ल्याइतका कर कमी करावा.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा, ठाणे